पेटीतला रुपया: घासू नका, टोचू नका

 

आज आपण जुन्या नाण्यांबद्दल बोलणार आहोत. बहुतेक घरांत कुठेतरी दोन-चार जुनी नाणी असतातच. देवघरातल्या डबीत असतात, लुगड्याच्या घडीत असतात, सासूबाईंच्या पेटीच्या तळाशी असतात. राणीछाप रुपया असतो, एखादी शिवराई असते, मराठवाड्याकडे चारमिनारचं चित्र असलेला हाली रुपया असतो. कुणाच्या गळ्यातल्या माळेत कडी लावलेले रुपये असतात. ही नाणी बहुतेक वेळा बाईकडूनच बाईकडे येतात. आईने लेकीला दिलेली, सासूने सुनेच्या ओटीत घातलेली. जमीन नावावर नसते, घर नावावर नसतं, पण ही चार नाणी मात्र आपली असतात.

आणि तरीही त्यांची किंमत ठरवतो दुसराच कुणीतरी. अडचणीच्या वेळी आपण ती सराफाच्या काट्यावर ठेवतो आणि तो सांगेल तो आकडा घेऊन परत येतो. म्हणून आज दोन गोष्टी समजून घेऊ. नाण्याची किंमत कशात असते, आणि आपल्याच हातून ती कशी कमी होते.

आधी पहिली गोष्ट. जुन्या नाण्याला दोन किमती असतात. एक धातूची किंमत. त्यात चांदी किती, सोनं किती, त्यावर ती ठरते. दुसरी संग्राहकाची किंमत. नाणी जमवणारे लोक असतात, त्यांना ते नाणं हवं असतं म्हणून ते धातूच्या वर काही जास्त देतात. ही दुसरी किंमत तीन गोष्टींवर चालते: नाणं किती दुर्मीळ आहे, ते घ्यायला किती जण तयार आहेत, आणि ते कोणत्या अवस्थेत आहे. पहिल्या दोन गोष्टी आपल्या हातात नाहीत. तिसरी मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे.

धातूच्या किमतीचा हिशोब सोपा आहे, तो वहीत लिहून ठेवा. इंग्रजी अमलातला चांदीचा रुपया १८३५ पासून एका ठरावीक वजनाचा झाला. वजन ११.६६ ग्रॅम. आपला जुना तोळा तो हाच, रुपयाभार म्हणजे एक तोळा. आज बाजारात तोळा म्हटलं की १० ग्रॅम धरतात, पण जुना तोळा रुपयाच्या वजनाचा होता. १८३५ पासून १९३९ पर्यंतच्या रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी आणि एक भाग दुसरा धातू. म्हणजे न झिजलेल्या एका रुपयात शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम. त्या दिवशीचा चांदीचा ग्रॅमचा भाव विचारा आणि त्याला १०.७ ने गुणा. वापरून झिजलेला रुपया थोडा हलका भरतो, तेव्हा वजन करूनच हिशोब धरा. अधेली म्हणजे अर्धा रुपया, तिचा हिशोब याच्या निम्मा, पावलीचा त्याच्याही निम्मा.

पण साल नीट पाहा. १९४० ते १९४५ या युद्धाच्या काळातल्या रुपयात चांदी निम्मीच आहे. आणि १९४७ सालच्या रुपयात चांदी अजिबात नाही, तो निकेलचा आहे. १९४७ च्या रुपयावर वाघ आहे, तो पाहून अनेकींना वाटतं की हा मोठा चांदीचा रुपया. त्याला लोहचुंबक लावा, तो चिकटतो. चांदी चुंबकाला चिकटत नाही. मात्र उलट धरू नका. चुंबक चिकटला नाही म्हणजे चांदीच आहे, असं नाही. तांबं, पितळ, शिसं यांनाही चुंबक चिकटत नाही.

हाली रुपयाचं वजन आणि कस वेगळा, त्याला हा हिशोब लावू नका.

आता अवस्थेकडे येऊ. आजच्या बोलण्यातला हाच खरा गाभा आहे.

नाणं वापरलं की झिजतं. हजारो हातांतून गेलं, बटव्यात घासलं, गल्ल्यात आपटलं की त्यावरचे उंच भाग आधी गुळगुळीत होतात. राणीच्या कानावरचे केस, राजाच्या मुकुटाचे मणी, झग्यावरची वेलबुट्टी. याला म्हणायचं झीज. झीज ही नाण्याच्या आयुष्याचाच भाग आहे. झिजलेल्या नाण्याची किंमत कमी होते, पण ती पायरीपायरीने कमी होते. नाणं मुळीच वापरात आलं नसेल तर सगळ्यात वरची पायरी. थोडंसं झिजलं असेल तर त्याखालची. चेहरा दिसतो पण केस दिसत नाहीत, ती आणखी खालची. नुसता आकार उरला, साल कसंबसं वाचता येतं, ती शेवटची. नाणी जमवणाऱ्यांकडे या प्रत्येक पायरीला नाव आहे, आणि पायरीगणिक भाव ठरतो.

इजा ही वेगळी गोष्ट. भोक पाडलं, कडी डाखली, कानशीने घासलं, आम्लात बुडवलं, ठोकून सपाट केलं, त्यावर नाव कोरलं, ही झाली इजा. इजा पायरीपायरीने उतरवत नाही, ती जिना सोडून खाली टाकते. नाणं अगदी ठळक असलं, केसन् केस दिसत असला, पण वर भोक असलं की चांगल्या नाण्यांच्या रांगेतून ते बाहेर जातं. मग साध्या सालच्या रुपयाला फक्त धातूचा भाव उरतो. नाणी तपासून, दर्जाचा आकडा लिहून, डबीत सीलबंद करून देणाऱ्या संस्था असतात. इजा झालेल्या नाण्याला त्या दर्जाचा आकडा देतच नाहीत. 'भोक पाडलेलं', 'साफ केलेलं' असा शेरा तेवढा लिहून देतात.

सगळ्यात जास्त आढळणारी इजा कडीची. रुपयांची माळ करायची, बाळाच्या गळ्यात रुपया बांधायचा, ही आपली जुनी रीत. सोनार कडी लावताना नाण्याच्या काठावर डाख वितळवतो. त्या जागी काठावरच्या बारीक उभ्या रेघा बुजतात, उष्णतेने आजूबाजूचा रंग पालटतो, कधी अक्षरही झाकलं जातं. नंतर कडी काढली तरी डाखाचा डाग राहतो. तो डाग कानशीने घासला तर तिथला काठ सपाट होतो. जाणकार माणूस नाणं हातात घेतल्याबरोबर आधी काठावर बोट फिरवतो, ते याचसाठी. त्या रेघाही उगीच नसतात. पूर्वी लोक नाण्याच्या कडा कातरून चांदी चोरत. काठाला रेघा असल्या की कातरलेलं लगेच दिसतं.

दुसरी इजा घासण्याची. ही सगळ्यात कपटी, कारण आपल्याला वाटतं आपण चांगलंच करतोय. दिवाळी आली, लक्ष्मीपूजनाला नाणी काढली, काळी पडलेली दिसली. मग चिंच, लिंबू-मीठ, राख, रांगोळी, भांडी घासायची पावडर, जे हाताशी असेल त्याने घासून लख्ख करतो. यात काय होतं ते नीट ऐका. चिंचेत, लिंबात आम्ल असतं. ते नाण्याच्या अंगावरचा अगदी पातळ थर खाऊन टाकतं. राख आणि रांगोळी खरखरीत असते, तिचे केसासारखे बारीक ओरखडे उठतात. टांकसाळीत ठशाखाली दाबलं जाताना नाण्याच्या अंगावर एक मूळची चमक आलेली असते, तीच यात जाते. वजन केलंत तर गुंजभरही फरक दिसणार नाही. पण संग्राहकाची किंमत गेलेली असते आणि ती परत येत नाही.

घासलेलं नाणं ओळखायचं कसं? दिव्याखाली किंवा उन्हात नाणं धरा आणि हळूहळू तिरकं करा. मूळ चमक असेल तर उजेडाची पट्टी चाकाच्या आऱ्यांसारखी नाण्यावरून गोल फिरते. घासलेलं नाणं सगळीकडे सारखंच चकाकतं, उजेड फिरत नाही, आणि एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे दिसतात. सोनाराकडचा उजाळा म्हणजेही आम्ल आणि ब्रश. दागिन्याला तो ठीक आहे, नाण्याला नको.

मग काळेपणाचं काय? चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे. चुलीचा धूर, रबर, लोकर, अंडी यांतून हा गंधक चांदीला लागतो आणि तिच्यावर काळपट थर चढतो. हा थर म्हणजे मळ नव्हे. वर्षानुवर्षं कुणी हात लावला नाही याची ती साक्ष असते. जाणकार असा थर पाहून खूश होतात. तेव्हा काळा रुपया काळाच राहू द्या.

तांब्याचं तर आणखी नाजूक. शिवराई घ्या. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला आणि महाराजांनी स्वतःच्या नावाची नाणी पाडली. त्यानंतर पेशवाईतही शिवराया पाडल्या जात होत्या. त्यामुळे प्रत्येक शिवराई महाराजांच्या काळातली नसते. कोणती कुठली, हे अक्षरांच्या वळणावरून, टिंबांच्या वर्तुळावरून, वजनावरून ओळखतात. हातोड्याने ठोकून पाडलेली ही नाणी, त्यांवर आधीच पुसट अक्षरं. तपकिरी रंगाचा जो घट्ट थर त्यावर बसलेला असतो, त्यानेच ती अक्षरं टिकलेली असतात. चिंचेने घासली की शिवराई गुलाबी-लाल होते, दोन दिवस छान दिसते, पण अक्षरांच्या कडा विरघळतात. पाच दिवाळ्यांत पाच वेळा घासली की 'श्री राजा शिव' मधलं काय उरलं ते आपणच पाहायचं. मग जाणकारालाही सांगता येत नाही की ती कोणत्या काळातली. म्हणजे नुसती किंमत जात नाही, नाण्याची ओळखच पुसली जाते.

ओळख किती बारीक असते याचं आणखी एक उदाहरण देते. राणीछाप रुपयांवर १८६२ हे साल खूप ठिकाणी दिसतं. कारण १८६२ नंतर कितीतरी वर्षं, थेट १८७४ पर्यंत, रुपयावर तेच साल छापत राहिले. त्यामुळे १८६२ चा रुपया म्हणजे फार दुर्मीळ, असं समजू नका. पण त्यातले प्रकार ओळखायला सालाजवळची आणि नक्षीतली अगदी मोहरीपेक्षा बारीक टिंबं मोजतात. काही प्रकार साधे, काही कमी सापडणारे. आता ती टिंबंच घासून गेली किंवा डाखाखाली बुजली, तर आपला रुपया साधा होता की वेगळा, हे कुणालाच कळणार नाही.

आणि १९११ चा रुपया. त्यावर पंचम जॉर्ज राजा आहे, त्याच्या झग्यावर छातीशी छोटा हत्ती कोरलेला. पण त्या हत्तीची सोंड इतकी तोकडी आणि पाय इतके आखूड झाले, की लोकांना ते डुक्कर वाटलं. लोकांची मनं दुखावली. सरकारने बरेच रुपये परत घेऊन वितळवले आणि पुढच्या वर्षी हत्ती नीट कोरला. म्हणून १९११ चा रुपया कमी सापडतो. त्याची सगळी गंमत नखाएवढ्या त्या हत्तीत आहे, आणि झग्यावरचा भाग उंच असल्यामुळे घासताना आधी तोच जातो.

आता एक सावधगिरी. दिसायला इजा वाटते, पण ती इजा नसते, असंही होतं. १९४३ ते १९४७ मधला तांब्याचा भोकाचा पैसा तुम्ही पाहिला असेल. युद्धात तांबं वाचवायचं म्हणून टांकसाळीनेच मध्ये गोल भोक ठेवलं होतं. ते नाणं तसंच जन्माला आलं. तसंच कधी टांकसाळीत ठसा सरकतो, छाप एका बाजूला जातो, नाण्याची एक बाजू कोरीच राहते. ही टांकसाळीतली चूक. अशा नाण्याला उलट जास्त मागणी असते. फरक एवढाच लक्षात ठेवा: टांकसाळीच्या आत जे झालं ती चूक, टांकसाळीच्या बाहेर जे झालं ती इजा. फार जुन्या रुपयांवर बारीक ठोकलेल्या खुणाही असतात. त्या काळी सराफ चांदी खरी की खोटी पाहताना तशी खूण करत. त्यानेही किंमत थोडी उतरते, पण आजच्या भोकाएवढी नाही, कारण ती त्या नाण्याच्या इतिहासातलीच असते.

काहीजणी विचारतील, आमच्या रुपयांना तर आधीच कड्या आहेत, मग काय करायचं? काहीच करू नका. कडी काढू नका, भोक बुजवू नका, डाग घासू नका. बुजवलेलं भोकही इजाच धरतात, आणि ते लपवून विकलं तर फसवणूक ठरते. ती माळ माळ म्हणूनच ठेवा. आजीने ती लग्नात घातली, आईने घातली, तुमच्या लेकीनेही घालावी. तिची चांदी कुठे जात नाही. माळेची किंमत कुटुंबात मोजायची असते, प्रत्येक गोष्ट बाजारात मोजायची नसते. मात्र माळ मोडायची वेळ आलीच, तर आधी एकेका रुपयाचं साल पाहून घ्या. फार कमी निघालेल्या सालचं नाणं असेल, जसं १९३९ चा रुपया, तर कडी असूनही त्याला चांदीपेक्षा जास्त देणारं कुणी भेटू शकतं. आणि नवीन माळ करायची हौस असेल तर नाण्याला भोक न पाडता त्याभोवती चांदीचं कोंदण करून घ्या. नुसतं कडेने धरणारं, आवळलेलं, डाख नाण्याला न लागणारं. सोनाराला आधी तेवढं बजावून सांगा.

सोन्याबद्दल थोडं. पुतळ्यांची माळ सगळ्यांना माहीत आहे. पुतळी हे मूळचं इटलीतल्या व्हेनिस शहराचं सोन्याचं नाणं. त्यावर माणसांच्या आकृती, म्हणून आपण त्याला पुतळी म्हटलं. आज माळेत असतात त्या बहुतेक पुतळ्या सोनारांनी घडवलेल्या असतात, पण फार जुन्या घरात एखादी मूळची निघूही शकते. तसंच गिनीचं. सुमारे आठ ग्रॅमची, बावीस कॅरटची. त्यातली १९१८ ची काही नाणी मुंबईत पाडली गेली, त्यांवर सालाच्या वर इंग्रजी 'आय' हे बारीक अक्षर असतं. सोन्याच्या नाण्यात धातूचीच किंमत मोठी असते, त्यामुळे कडीने होणारं नुकसान तुलनेने कमी. पण मोडीत घालण्याआधी एकदा दाखवून घ्या, कारण एकदा मुशीत गेलं की परत येत नाही.

आता घरी ठेवायचं कसं? नाणं धरताना दोन बोटांनी काठाला धरा, तोंडावर अंगठा दाबू नका. घामाचा ठसा पुढे डाग होऊन उमटतो. खाली मऊ कापड अंथरा, म्हणजे हातातून निसटलं तरी काठ चेपणार नाही. प्रत्येक नाणं वेगळ्या कोऱ्या कागदाच्या पाकिटात किंवा धुतलेल्या, कोरड्या सुती कापडात ठेवा. एकाच डबीत सगळी खुळखुळू देऊ नका. रबरबँड लावू नका, त्यातल्या गंधकाने पट्ट्यासारखा काळा डाग पडतो. मऊ, चिकट प्लॅस्टिकच्या पिशव्या टाळा, त्यातून हिरवट चिकट थर नाण्यावर येतो. चिकटपट्टी तर कधीच नको. डबा कोरड्या जागी ठेवा, नव्या डब्या-पर्सबरोबर येणारी ओल शोषणारी पुडी त्यात टाका. अंगावर माती किंवा कुंकू बसलं असेल तर साध्या स्वच्छ पाण्यात भिजत ठेवा, मग कापडावर ठेवून टिपून घ्या. पुसू नका, टिपा.

आणि पूजा? पूजा सोडायची मुळीच गरज नाही. नाणी छोट्या ताटलीत पानावर ठेवा, हळद-कुंकू शेजारच्या सुपारीला वाहा, पंचामृताने सुपारीला स्नान घाला. किंवा पूजेसाठी आजचं चालू नाणं किंवा सराफाकडचं लक्ष्मीचं चांदीचं नाणं ठेवा, जुनी नाणी पाकिटासकट बाजूला ठेवा. लक्ष्मीला घासलेलंच नाणं लागतं, असं कुठे आहे?

शेवटी विकायच्या वेळचं बोलू, कारण नुकसान तिथेही होतं. सराफाकडे नाणं देताना आधी साल आणि वजन वहीत लिहून न्या, दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. तो कसोटीवर घासायला किंवा कानस लावायला लागला तर थांबवा. यंत्रावर तपासता येतं, त्याने ओरखडा पडत नाही. तो 'मोडीचा भाव' म्हणाला की समजा, तो फक्त धातूचे पैसे देतोय. तो भाव काय आहे, किती टक्के चांदी धरली, घट किती काढली, हे तीन प्रश्न विचारा आणि पावती घ्या. घाई नसेल तर दुसरीकडेही दाखवा. मुंबई-पुण्यात नाण्यांची प्रदर्शनं भरतात, तिथे जाणकार भेटतात. नुसतं पाहायचं असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि नाण्यांचं संग्रहालय आहे, मुंबईत फोर्ट भागात रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आहे. गटाची सहल त्र्यंबकेश्वरला जाणार असेल तर अंजनेरी वाटेवरच आहे.

मोबाईलवरच्या आमिषाला मात्र भुलू नका. वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाच रुपयांचं नाणं लाखाला, असे निरोप फिरतात. ती नाणी सरकारने भरपूर काढली आहेत, आजही ती पाच रुपयांचीच. नाणं विकत घेतो, आधी एवढं कमिशन भरा, एवढा कर भरा, असं म्हणणारा हमखास ठग. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे पैसे मागत होते, म्हणून २०२१ च्या ऑगस्टमध्ये बँकेने स्वतः जाहीर केलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आम्ही नाही आणि कुणाकडून कसलंही शुल्क घेत नाही. खरा गिऱ्हाईक पैसे देतो, मागत नाही.

दोन कायदेही माहीत हवेत. नांगरताना किंवा पाया खणताना नाण्यांचा हंडा सापडला, तर तो १८७८ च्या निखात निधी कायद्यात येतो. जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. तोवर नाणी वाटू नका, धुऊ नका, एकमेकींपासून वेगळी करू नका. कोणती नाणी कोणाबरोबर निघाली, यातून गावाचा इतिहास कळतो. दुसरं, शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते देशाबाहेर पाठवता येत नाही. लेक परदेशात असली तरी टपालाने पाठवू नका.

सगळ्या जुन्या नाण्यांतून घबाड निघतं, असं मी सांगत नाही. बहुतेक घरांतले रुपये साध्या सालचे, भरपूर वापरलेले असतात, आणि त्यांची किंमत चांदीच्या थोडी वरच असते. पण ती थोडी वरची किंमतही तुमची आहे. आणि दहा घरांत एखादं नाणं वेगळं निघालं, तर ते वेगळं आहे हे कळायला तरी ते शाबूत असायला हवं.

म्हणून पुढच्या बैठकीला एक काम करा. ज्यांच्याकडे नाणी आहेत त्यांनी ती घरातच राहू द्यावीत, फक्त एका कागदावर लिहून आणावं: साल, धातू, वजन, कडी किंवा भोक आहे का, आणि हे नाणं मला कुणी दिलं. हा शेवटचा रकाना विसरू नका. लेकी-सुनांमध्ये वाटणी व्हायची वेळ येईल तेव्हा हाच कागद कामी येईल. आणि या दिवाळीत डबी उघडाल तेव्हा चिंच मात्र आमटीलाच ठेवा.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.